निखारा, कागद आणि जबाबदारी : आपोआप विझणाऱ्या सिगारेटची सक्ती भारतात करावी का?

चौकस (धागाप्रवर्तक)

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात बॉस्टनच्या जवळ वेस्टवुड नावाचे गाव आहे. १९७९ च्या मे महिन्यात तेथील एका घराला सिगारेटमुळे आग लागली आणि आई, वडील व पाच मुले असे अख्खे कुटुंब दगावले. तेथून अमेरिकी काँग्रेसवर, म्हणजे संसदेवर, निवडून गेलेले जो मोकली यांनी त्यानंतर असा आग्रह धरला, की कोणी ओढत नसेल तर आपोआप विझेल अशीच सिगारेट कंपन्यांनी बनवली पाहिजे. या एका मागणीवर पुढची वीसहून अधिक वर्षे गेली. मोकली २००१ साली निवर्तले आणि अमेरिकेतील पहिला राज्य कायदा न्यू यॉर्कमध्ये अमलात आला तो जून २००४ मध्ये. मी सध्या मॅसॅच्युसेट्समध्येच राहतो, त्यामुळे या विषयाचे येथील कागदपत्र वाचनात आले आणि भारतात त्यावर चर्चाच कशी होत नाही याचे नवल वाटले, म्हणून हा धागा.

सिगारेट पेटती राहते ती तंबाखूच्या अंगच्या गुणाने, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात ती पेटती राहावी अशीच तिची घडण केलेली असते. तिचा कागद सच्छिद्र ठेवतात, म्हणजे निखाऱ्याला बाजूने हवा मिळते. शिवाय त्या कागदात सायट्रेटचे क्षार घालतात, त्यामुळे तो एकसारखा जळत राहतो. रक्षापात्राच्या कडेवर ठेवलेली सिगारेट एकही झुरका न घेता शेवटापर्यंत जळून जाते ती यामुळे. तीच सिगारेट डुलकी लागलेल्या माणसाच्या बोटांतून सोफ्याच्या फटीत घसरली, तर लगेच ज्वाळा दिसत नाहीत. कापड आणि कापूस आतल्या आत धुमसत राहतात, कधी अर्धा तास, कधी त्याहून कितीतरी जास्त, आणि भडका उडण्यापूर्वीच खोलीत इतका कार्बन मोनॉक्साइड साचतो की झोपलेल्या माणसाला जागच येत नाही.

यावरचा उपाय अवघड नाही. १९८४ च्या संघीय कायद्याने एक तांत्रिक अभ्यासगट नेमला आणि १९८७ मध्ये त्या गटाने सांगितले, की कमी सच्छिद्र कागद, तंबाखूची कमी घनता, कमी परीघ आणि सायट्रेट वगळणे अशा बदलांनी आग लागण्याची शक्यता पुष्कळ कमी करता येते. शेवटी उद्योगाने जो मार्ग पत्करला तो याहून सोपा होता. आज येथे मिळणारी सिगारेट उजेडासमोर धरून निरखली, तर कागदावर दोन ठिकाणी आडवे, किंचित गडद पट्टे दिसतात. तेथे कागदावर अल्जिनेट किंवा स्टार्चसारख्या पदार्थाचा थर दिलेला असतो. निखारा पट्ट्याशी पोचला की त्याला मिळणारी हवा घटते. कोणी झुरका घेत असेल तर तो पट्टा ओलांडून पुढे जातो, नाहीतर विझतो. यासाठीची चाचणीही सुटसुटीत आहे : प्रयोगशाळेतील गाळणकागदाचे दहा थर, त्यांवर ठेवलेली पेटती सिगारेट आणि अशा चाळीस सिगारेटी. चाळीसपैकी दहांहून अधिक शेवटापर्यंत जळल्या, तर तो ब्रँड नापास.

न्यू यॉर्कमधला कायदा अमलात आल्यावर हार्वर्डच्या संशोधकांनी तेथील सिगारेटी या चाचणीला लावल्या, तेव्हा सुमारे १० टक्केच शेवटापर्यंत जळल्या. त्याच ब्रँडांच्या कॅलिफोर्निया व मॅसॅच्युसेट्समध्ये विकल्या जाणाऱ्या सिगारेटींचे प्रमाण ९९.८ टक्के होते. म्हणजे एकच कंपनी एका राज्यात विझणारी आणि शेजारच्या राज्यात न विझणारी सिगारेट विकत होती. हे तंत्र काही कायद्यानंतर सुचलेले नव्हते. फिलिप मॉरिस कंपनीत ऐंशीच्या दशकातच ‘प्रोजेक्ट हॅम्लेट’ या सांकेतिक नावाने यावर काम झाले होते. कॅनडाने १ ऑक्टोबर २००५ पासून देशभर सक्ती केली, ऑस्ट्रेलियाने २०१० मध्ये, युरोपीय संघाने नोव्हेंबर २०११ मध्ये, आणि २०११ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत कायदा लागू झाला. मॅसॅच्युसेट्समध्ये २००८ पासून लागू झालेल्या कायद्याचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा सिगारेटमुळे घराला आग लागण्याची शक्यता २८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

माझे म्हणणे थोडक्यात असे : धोका जर वस्तूच्या घडणीत असेल आणि घडणीतल्या किरकोळ बदलाने तो कमी होत असेल, तर वापरणाऱ्याला ‘काळजी घ्या’ म्हणत बसणे ही शासनाची चुकारपणाची वाट आहे. त्यातही अमेरिकेच्या नोंदी सांगतात, की अशा आगींत मरणाऱ्या चौघांपैकी एक जण ती सिगारेट ओढणारा नसतो. भारताच्या २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात, म्हणजे ‘कोटपा’त, जाहिरात, वेष्टनावरील इशारा, सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान हे सगळे आहे, पण सिगारेटच्या पेट घेण्याच्या गुणाबद्दल अवाक्षर नाही. ही अट घालावी की नाही, यावर साधकबाधक मते यावीत.

बंबवाला

धागा माहितीपूर्ण आहे, परंतु निष्कर्षाशी असहमत. मी महाराष्ट्रातील एका नगरपालिकेच्या अग्निशमन दलातून निवृत्त झालो आहे, तेव्हा जे पाहिले त्यावरून लिहितो.

गादी धुमसण्याचे तुमचे वर्णन अगदी बरोबर आहे. वरून पाहावे तर रुपयाएवढे भोक असते आणि घरातले म्हणतात, ‘साहेब, आम्ही बादलीभर पाणी ओतले, आता काही नाही.’ कापसाच्या गादीत वरून ओतलेले पाणी आत फार उतरत नाही. आम्ही ती गादी सरळ रस्त्यावर ओढून काढायचो, उसवायचो, आणि आत हात हात लांब काळा पडलेला, फुंकर घातली की लाल होणारा कापूस निघायचा. ज्यांनी गादी तशीच घरात ठेवली, त्यांच्याकडून पहाटे दुसरी वर्दी आल्याचीही उदाहरणे आहेत.

मात्र अशा वर्द्या एकंदरीत किती? आमच्याकडे रात्रीची वर्दी आली की पहिला संशय वायरिंगवर असायचा, दुसरा गॅसवर. एकाच सॉकेटवर तीन उपकरणे, पंचवीस वर्षांपूर्वीच्या वायरवर नवा वातानुकूलक, जिन्याखाली मीटरच्या पेटीला टेकून रचलेली रद्दी, आणि बाहेर पडायच्या वाटेवर लावलेल्या दुचाक्या. अपघाती मृत्यूंच्या राष्ट्रीय अहवालातही आगीच्या कारणांत शॉर्ट सर्किट, गॅस सिलिंडर किंवा स्टोव्हचा स्फोट, फटाके अशीच वर्गवारी असते. शासनाजवळ तपासणीची माणसे मोजकी आहेत. त्यांतली काही सिगारेटच्या कागदावरचे पट्टे तपासायला बसवणार असाल, तर मी विरोध करीन. अमेरिकेतील लाकडी घरे, जाड गालिचे, फोमचे सोफे यांच्या अनुभवावरून तुम्ही निघालात. आमच्याकडे फरशी आणि विटांच्या भिंती आहेत. खाली पडलेले थोटूक बहुतेक वेळा फरशीवरच विझते.

अवांतर : थोटकाने लागलेल्या मोठ्या आगी माझ्या माहितीत आहेत त्या कचऱ्याच्या, भंगाराच्या आणि कापूस जिनिंगच्या आवारातल्या. तेथे तुमचा पट्टा कितपत चालेल?

झुरकेबाज

मी टोरांटोत राहतो आणि धूम्रपान करतो, तेव्हा ग्राहकाच्या बाजूनेही कोणी बोलावे. २००५ नंतर सिगारेट बोलता बोलता विझू लागली. विझलेली सिगारेट पुन्हा पेटवली की पहिला झुरका कडवट लागतो, आणि थंडीत बाहेर उभे राहून वाऱ्यात लायटर चार वेळा ओढावा लागतो. आधी चिडचिड झाली, मग सवय झाली. त्या कारणाने सिगारेट सोडलेला माझ्या ओळखीत एकही नाही. कायद्याला माझा विरोध नाही. माझा आक्षेप एवढाच, की पट्टा आहे म्हणून पलंगावर पडून ओढणारे लोक मी पाहिले आहेत. चाळीसपैकी दहा पूर्ण जळल्या तरी ब्रँड उत्तीर्ण होतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

रसायनी

बंबवाला यांच्या अनुभवाबद्दल आदर आहे, तथापि ‘सिगारेट बदलली नाही तर काय होते’ ही बाजू चर्चेत यायला हवी. धोका कोणाच्या तरी गळ्यात पडतोच. अमेरिकेत तो फर्निचरच्या गळ्यात पडला आणि त्याची किंमत तेथील लोक अजून मोजत आहेत.

साठ-सत्तरच्या दशकात सिगारेटमुळे लागणाऱ्या आगींची चर्चा सुरू झाली, तेव्हा तंबाखू उद्योगाचा युक्तिवाद असा होता, की दोष पेटणाऱ्या सिगारेटचा नाही, पेट घेणाऱ्या गादीचा आहे. त्यात अर्धे तथ्य होते. १९७३ च्या संघीय नियमाने गाद्यांना पेटत्या सिगारेटची चाचणी लागू झाली आणि ती उपयुक्तच ठरली. पण १९७५ च्या कॅलिफोर्नियातील नियमाने सोफ्यातल्या फोमला उघड्या ज्योतीसमोर बारा सेकंद टिकण्याची अट घातली. ती अट भागवण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे फोममध्ये ज्वालारोधक रसायने मिसळणे, आणि कॅलिफोर्नियाची बाजारपेठ एवढी मोठी, की देशभरचे उत्पादक तोच फोम वापरू लागले. या रसायनांपैकी ब्रोमीनयुक्त पेंटा-बीडीई हे संयुग पुढे घरातल्या धुळीत, माणसांच्या रक्तात आणि आईच्या दुधात आढळू लागले. २००४ च्या अखेरीस अमेरिकेत त्याचे उत्पादन थांबले. शिकागो ट्रिब्यूनने २०१२ मध्ये दीर्घ लेखमाला छापून दाखवले, की तंबाखू उद्योगाने अग्निशमन क्षेत्रातील संघटनांशी पद्धतशीर जवळीक साधून लक्ष सिगारेटवरून फर्निचरकडे वळवले होते. विशेष म्हणजे ती ज्योतीची अट मुळात गैरलागू होती. सोफ्याला आग लागते ती बहुधा धुमसणाऱ्या सिगारेटने आणि कापडातून. आतला फोम ज्योतीला किती सेकंद दाद देत नाही, याने तेथे फारसा फरक पडत नाही. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाने तो नियम बदलून धुमसण्याची चाचणी ठेवली, तेव्हा कुठे रसायनांची सक्तीवजा गरज संपली.

तेव्हा एका बाजूला कागदावरचे दोन पट्टे आणि दुसऱ्या बाजूला प्रत्येक घरातल्या सोफ्यात किलोच्या हिशेबाने रसायने, अशी ही निवड होती, आणि चाळीस वर्षे दुसरी बाजू निवडली गेली. भारतात आता फोमच्या गाद्या आणि सोफे गावोगाव पोचले आहेत. उद्या एखादी मोठी आग लागली की फर्निचरसाठी नियम करण्याची मागणी होणारच. त्यापूर्वी उगमाकडे बघितलेले बरे.

चाचणीविषयी एक खुलासा. गाळणकागदाचे थर म्हणजे खरा सोफा नव्हे, हे मान्य. वारा लागणार नाही अशा बंदिस्त पेटीत चाचणी होते, घरात पंखा चालू असतो. जाड सुती कापडाच्या घडीत सापडलेली सिगारेट पट्टे असूनही जळत राहू शकते. म्हणून २८ टक्के हा आकडा मला विश्वासार्ह वाटतो. कोणी ९० टक्के सांगितले असते तर मी शंका घेतली असती.

तंबाखूविरोधी

मी तंबाखू नियंत्रणाच्या क्षेत्रात काम करते. धागाप्रवर्तकांचा हेतू चांगला आहे यात शंका नाही, पण मला ही मागणी भारताच्या संदर्भात अस्थानी आणि काही अंशी घातक वाटते.

प्रथम प्रमाण बघा. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात. सिगारेट ओढणारे केवळ ४ टक्के, बिडी ओढणारे ७.७ टक्के, आणि उरलेला प्रचंड भाग चघळण्याच्या तंबाखूचा. महाराष्ट्रात तर धूम्रपान करणारे ३.८ टक्के आणि तंबाखू-खर्रा-मशेरी वापरणारे २४.४ टक्के. ज्या राज्यात तंबाखूचा मुख्य बळी तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण आहे, तेथे सिगारेटच्या कागदावर कायदेमंडळाचे एक अधिवेशन खर्ची घालायचे?

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. ‘सुधारित’ सिगारेटचा इतिहास वाईट आहे. फिल्टर आला तेव्हा तो सुरक्षित म्हणून विकला गेला. मग ‘लाइट’ आणि ‘माइल्ड’ आल्या. त्यांच्या फिल्टरला बारीक भोके होती, यंत्राच्या चाचणीत धुरातले डांबर (टार) कमी भरायचे आणि ओढणारे मात्र जास्त खोल झुरके घेऊन ते भरून काढायचे. २००६ मध्ये अमेरिकेतील संघीय न्यायालयाने हे शब्द वापरण्यास मनाई केली, तोवर दोन पिढ्या फसल्या होत्या. आता पाकिटावर अग्निसुरक्षेचे चिन्ह आले, तर पानटपरीवर त्याचा अर्थ काय लावला जाईल? ‘ही सेफवाली आहे.’ टपरीवर सुटी सिगारेट विकली जाते, तेथे पाकीटच ग्राहकाच्या हातात येत नाही. म्हणजे पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापणारा इशारा दिसत नाही आणि टपरीवाल्याचे शब्द तेवढे कानावर पडतात.

आणि झुरकेबाज यांनी जे लिहिले, की कोणीही सोडली नाही, तेच माझ्या दृष्टीने निर्णायक आहे. जी सुधारणा एकाही माणसाला तंबाखूपासून दूर नेत नाही, तिच्यासाठी आम्ही आमची मोजकी राजकीय ताकद खर्च करावी असे मला वाटत नाही.

रानवाटा

चर्चा सिगारेटवरच चालली आहे, म्हणून बिडीबद्दल थोडे. बिडी ओढणाऱ्या कोणालाही विचारा, दर काही क्षणांनी झुरका घेतला नाही तर ती विझते. तेंदूचे पान हवा फारशी आत जाऊ देत नाही. तुमच्या अमेरिकेने जे पट्टे लावून साधले, ते या पानात निसर्गतः आहे. तेव्हा भारतात ओढल्या जाणाऱ्या तंबाखूचा मोठा वाटा आधीच आपोआप विझणारा आहे, हे धागाप्रवर्तकांच्या हिशेबात आलेले दिसत नाही.

मात्र बिडीची आग वेगळ्या ठिकाणी असते. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर भागात तेंदूपत्ता तोडणीचा हंगाम एप्रिल-मेमध्ये येतो. झुडपांना कोवळी, मोठी, न फाटलेली पाने यावीत म्हणून त्याआधी जंगलात आग लावली जाते, असे वन विभाग वर्षानुवर्षे सांगत आला आहे. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळाही पेटवतात. मार्चमध्ये त्या भागातून रात्री जाताना डोंगराच्या अंगावर आगीची वाकडीतिकडी ओळ सरकताना दिसते आणि जाळरेषा (आग अडवण्यासाठी आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा) काढलेली असूनही ती ओलांडून वणवा पलीकडे जातो. फळीवर, म्हणजे पाने विकत घेण्याच्या केंद्रावर, पानांच्या पुडक्यांना भाव पानाच्या प्रतीवर मिळतो आणि मजुराचे वर्षाचे रोख उत्पन्न त्यावर असते. त्याला नुसता दंड करून हे थांबलेले नाही. बिडीमुळे लागणारी सर्वांत मोठी आग ही बिडी वळण्यापूर्वीच लागून गेलेली असते. धूम्रपान आणि आग या विषयावर भारतात कायदा करायचाच, तर त्याची सुरुवात झुडपांची छाटणी करून पाने घेण्याला जादा भाव देण्यापासून व्हावी, असे माझे मत आहे. शहरातल्या सोफ्यावरून हा विषय दिसत नाही.

चौकस

सर्वांचे आभार. क्रमाने उत्तर देतो.

रानवाटा : बिडीच्या पानाचा मुद्दा माझ्या युक्तिवादाला बळ देणारा आहे, असे मला वाटते. बिडी ओढणारा पिढ्यान्पिढ्या विझणारी वस्तू वापरत आला आहे आणि त्याने तक्रार केलेली नाही. मग सिगारेट ओढणाऱ्याचीच सोय जपण्याचे कारण काय? तेंदूच्या वणव्याचा विषय मोलाचा आहे आणि त्यावर तुम्ही स्वतंत्र धागा काढावा ही विनंती. पण जंगलात आग लावली जाते म्हणून घरातल्या आगीकडे बघू नये, हे मात्र पटत नाही.

तंबाखूविरोधी : ‘लाइट’ सिगारेटची फसवणूक मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच मी पाकिटावर चिन्ह लावण्याच्या विरोधात आहे. येथे अट उत्पादकावर असते. ग्राहकाला काही सांगण्याची गरजच नाही. आपल्या क्षेत्रातल्याच एका दस्तऐवजाची आठवण करून देतो. जागतिक तंबाखू नियंत्रण कराराला भारताने २००४ मध्ये अनुमोदन दिले. त्या कराराच्या कलम ९ आणि १० ची मार्गदर्शक तत्त्वे २०१२ मध्ये सोल येथील परिषदेत वाढवली गेली, तेव्हा सिगारेटची पेट घेण्याची क्षमता कमी करण्याचे मानक सदस्य देशांनी लागू करावे, आणि अशी सिगारेट आग लावूच शकत नाही असे सुचवणारे दावे करू देऊ नयेत, या दोन्ही गोष्टी त्यांत आल्या. म्हणजे आपली भीती विचारात घेऊनच ती शिफारस झालेली आहे. आणि यासाठी अधिवेशन खर्ची घालण्याचीही गरज नसावी; वेष्टनावरचा इशारा जसा नियमांत दुरुस्ती करून ८५ टक्क्यांवर गेला, तशा मार्गाने हेही करता येईल का, हे कायद्याच्या जाणकारांनी सांगावे.

‘एकाही माणसाला तंबाखूपासून दूर नेत नाही’ या वाक्यावर मात्र आक्षेप आहे. आगीत मरणारे मूल तंबाखूपासून दूरच होते. त्याला वाचवणे हे तंबाखू नियंत्रणाचे काम नसेल, तर ते अग्निसुरक्षेचे आहे, पण कोणाचे तरी आहेच.

बंबवाला : वायरिंगची तपासणी सोडून पट्टे तपासा असे मी म्हटलेले नाही. पट्ट्यांसाठी घरोघर जावे लागत नाही. देशात सिगारेटचे कारखाने मोजके आहेत, आणि त्यातले उत्पादक परदेशी बाजारासाठी लागणारे मानक जाणतात. नमुना कारखान्यातून उचलायचा आणि चाळीस सिगारेटी प्रयोगशाळेत जाळून बघायच्या, एवढेच. कापूस जिनिंगच्या आवारात पट्टा हमखास चालेल असा माझा दावा नाही. तेथे धूम्रपानबंदी हाच नियम हवा.

तंबाखूविरोधी

२०१२ ची तत्त्वे मला ठाऊक आहेत. त्यांत घटकद्रव्ये जाहीर करणे, चव वाढवणारे पदार्थ बंद करणे अशाही शिफारशी आहेत आणि त्यांतले बरेचसे आपल्याकडे झालेले नाही. सर्वांत आधी पट्टेच का, हा माझा प्रश्न कायम आहे. कंपन्यांना यांतले कोणते कलम सर्वांत स्वस्त पडेल याचा विचार केलात, तर पट्टे सहज मान्य होतील आणि मेन्थॉलसारखे चव देणारे पदार्थ मात्र शाबूत राहतील. कागद बदलून दिला म्हणून पुढच्या बैठकीत तोच उद्योग ‘जबाबदार भागीदार’ म्हणून खुर्ची मागेल. अमेरिकेत अग्निशमन संघटनांशी जी जवळीक झाली, ती रसायनी यांनीच वर सांगितली आहे.

आणखी एक. इंग्लंडने २०११ पासून युरोपीय मानक लागू केले, त्याआधी १९८८ पासून फर्निचरचे कडक नियमही होते; तरीही तेथील घरगुती आगींतल्या मृत्यूंमागे धूम्रपानाचे साहित्य हे अग्रक्रमाचे कारण राहिले. मरणाऱ्यांत वृद्ध, एकटे राहणारे, मद्याच्या अमलाखालील लोक अधिक असतात. घरी ऑक्सिजन लावलेल्या फुप्फुसाच्या रुग्णाने सिगारेट पेटवली, तर कोणताही पट्टा त्याला वाचवणार नाही. त्याला सिगारेट सोडायला मदत करणे हाच त्याच्यावरचा अग्निसुरक्षा उपाय आहे.

रसायनी

इंग्लंडचे उदाहरण अपुरे आहे. अग्रक्रमाचे कारण राहणे आणि मृत्यूंची संख्या तेवढीच राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकूण मृत्यू घटत गेले तरी पहिला क्रमांक पहिलाच राहू शकतो. अमेरिकेतही घट केवळ पट्ट्यांनी झाली असे नाही. १९८० पासून कायदा येईपर्यंतच्या काळात या मृत्यूंत मोठी घट आधीच झालेली होती. लोक कमी ओढू लागले, गाद्या सुधारल्या, धूरसूचक यंत्रे घरोघर आली. परंतु २००३ ते २०११ या काळात अशा मृत्यूंत आणखी सुमारे ३० टक्के घट झाल्याचे तेथील राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेने, म्हणजे एनएफपीएने, नोंदवले आहे. त्याच सुमारास, २००५ ते २०११ मध्ये, प्रौढ धूम्रपानाचे प्रमाण २०.९ वरून १९ टक्क्यांवरच आले. सगळे श्रेय धूम्रपान घटण्याला देता येत नाही.

मेन्थॉलबाबत आपल्याशी सहमत. दोन्ही मागा.

बंबवाला

चौकस यांनी कारखान्यातून नमुना उचलण्याचे सांगितले ते व्यवहार्य आहे, त्यामुळे माणसे वळवण्याचा माझा आक्षेप मी मागे घेतो. बाकीचे तसेच आहेत. चोरट्या आयातीच्या सिगारेटी टपरीवर सर्रास असतात आणि त्या कोणत्याही चाचणीला लागणार नाहीत.

आणि आगींच्या आकड्यांवर एवढी चर्चा झाली, त्यात एकही आकडा भारतातल्या आगींचा नाही, हे कोणाच्या लक्षात आले का? मी राष्ट्रीय अहवालाची वर्गवारी वर दिली आहे. त्यात सिगारेट-बिडीसाठी रकानाच नाही. आमच्या अहवालात कारणाच्या जागी ‘शॉर्ट सर्किट’ लिहिले की फाइल बंद होते, विमा कंपनीही मानते आणि घरच्यांनाही कोणाचे नाव यायला नको असते. मयत माणूस ओढत होता की नाही हे विचारण्याची वेळ ती नसते आणि नंतर कोणी विचारत नाही. मॅसॅच्युसेट्सचा अभ्यास झाला, कारण तेथे प्रत्येक आगीच्या नोंदीत उष्णतेचा उगम काय आणि पहिल्यांदा कशाने पेट घेतला हे वेगवेगळे लिहिले जात होते. ते दोन रकाने आमच्या वर्दी अहवालात घालायला ना कायदा लागतो ना प्रयोगशाळा. अग्निशमन संचालनालयाचे एक परिपत्रक पुरते. पाच वर्षांच्या नोंदी हाती आल्यावर पट्टे हवेत की नकोत ते मला विचारा.

चौकस

रकान्यांना पूर्ण पाठिंबा. पाच वर्षे थांबण्याला नाही.  परिपत्रक आणि नियमदुरुस्ती या दोन्हींचे मसुदे याच धाग्यावर करायला घेऊ या का? बंबवाला, तुमच्या वर्दी अहवालाचा कोरा नमुना मिळू शकेल का?

बंबवाला

जुना छापील आहे. त्यावर कारणासाठी दीड ओळ जागा आहे. उद्या टाकतो.